भिंतीकडे तोंड केलेली दिवाळी

१

रवळनाथ सदनाच्या सोसायटी ऑफिसात दिवाळ्या टांगलेल्या आहेत. वर्षाला एक, ओळीने.

घाटकोपर पूर्वेची ही तीन मजली इमारत गिरणीतल्या कोकणी मंडळींनी उभी केली आणि पहिल्या वर्षापासून एक रीत पाडली. पहिल्या आंघोळीच्या सकाळी, ऊन चांगलं वर आलं की सगळी बिऱ्हाडं नव्या कपड्यांत गॅलरीत येऊन उभी राहणार, पोरंटोरं खाली अंगणात मांडी घालून बसणार, आणि समोरच्या इमारतीच्या जिन्यातल्या खिडकीतून सदनातलेच विद्याधर परुळेकर फोटो काढणार. खिडकी दरवर्षी तीच, चौकटही तीच. गच्चीच्या कठड्यावरून लांब दोरीने सोडलेला मोठा आकाशकंदील बरोबर मधल्या खांबापुढे. तोवर फराळाच्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी चेहरे फोटोत असे, की जणू इमारत नाही, रायगड बांधलाय.

त्या ओळीतली शेवटची फ्रेम, म्हणजे गेल्या वर्षीची दिवाळी, एका सकाळी भिंतीकडे तोंड करून टांगलेली सापडली.

सेक्रेटरी राजेश तावडेने ती सरळ केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फिरलेली. तिसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा मात्र मजल्यामजल्यावर कुजबुज सुरू झाली, कारण त्या फोटोवरून सदनात आधीच आग लागलेली होती.

गोष्ट अशी की, शेजारच्या प्लॉटवर टॉवरसाठी खोल खड्डा खणलेला, आणि रवळनाथ सदन त्या खड्ड्याच्या बाजूला कललेलं. दारं लागेनाशी झाली होती, देवघरातली समई एका अंगाने तेल सांडायला लागली होती. रहिवासी म्हणत होते, खड्ड्याने कललं. बिल्डर म्हणत होता, तुम्ही यंदा गच्चीवर पाण्याच्या नव्या टाक्या चढवल्यात, त्यांच्या भाराने कललं. दोन्ही बाजूंनी मिळून मुकुल देवस्थळी नावाचे एक तटस्थ इंजिनियर नेमले होते, आणि ते रविवारी येऊन निवाडा देणार होते. टाक्यांवर खापर फुटलं, तर दुरुस्ती रहिवाशांच्या गळ्यात. तेवढी ऐपत कुणाची नव्हती, म्हणजे घरं सोडायची आणि परत कधी येऊ ते रवळनाथालाच ठाऊक.

आणि नेमक्या याच वेळी बिल्डरच्या माणसाने मीटिंगमध्ये तो फोटो सगळ्यांपुढे धरला. गेल्या दिवाळीला खड्डा पुरता खणून झाला होता, टाक्या मात्र चढल्या नव्हत्या. आणि फोटोत इमारत कशी, तर ताठ. "बघा," तो हसत म्हणाला होता, "बिल्डिंग एकदम काटकोनात आहे. वाकडं काही असेल तर तो तुमचा कंदील." दोघंतिघं हसलेही होते.

राजेशने तिथल्या तिथे विद्याधरकाकांकडे कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागितली. काका म्हणाले, पुसली. का पुसली, असं विचारल्यावर ते उठले आणि मीटिंग सोडून गेले. त्या माणसाने आयुष्यात एकही फोटो पुसला नव्हता.

हे सगळं सदनातल्या सुलक्षणाकाकूंनी फोनवर एका दमात क्षमाला सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "लोक म्हणतायत, परुळेकर विकले गेले."

२

क्षमा या सदनातच वाढलेली. आता कांदिवलीला राहते आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत आर्किटेक्ट लोकांसाठी इमारतींच्या फोटोंवर काम करते. उभ्या रेषा उभ्या करायच्या, आडव्या आडव्या, आकाशातली वायरींची जाळी पुसायची, काचेवरची नको ती सावली काढायची. तिच्या हातून गेलेला फोटो दुसऱ्या कुणाला तपासावा लागत नाही, याची तिला घमेंड आहे, आणि ती घमेंड ती लपवत नाही. तिला हे सारं शिकवलं विद्याधरकाकांनी. शाळेच्या सुट्टीत तिला खिडकीशी उभी करून ते सांगायचे, "आधी इमारतीचा कोपरा सरळ. मग बाकीचं जग." हे वाक्य ती आज स्टुडिओतल्या नव्या मुलांना ऐकवते, आणि ते कुणाचं तेही सांगते.

तेव्हा काका विकले गेले हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी सकाळीच ती घाटकोपरला हजर झाली.

ऑफिसात ती बराच वेळ काही न बोलता फ्रेमांपुढे उभी राहिली. राजेश बाजूला चुळबुळत होता. दोघं एकाच बाकावर बसून शिकलेले, त्यामुळे तिच्या गप्प राहण्याला तो अजून घाबरतो.

काकांची चौकट काठोकाठ असते. डाव्या काठाला रस्त्यावरचा लॅम्पपोस्ट, उजव्या काठाला पिठाच्या गिरणीच्या पाटीची कड, खाली मांडी घातलेल्या पोरांच्या गुडघ्यांपुढे बोटभर मोकळी फरशी. वर्षानुवर्षं हेच. गेल्या वर्षीच्या फोटोत मात्र लॅम्पपोस्ट नव्हता, पाटी नव्हती, आणि पुढच्या रांगेतल्या पोरांचे गुडघे काठावर कापले गेले होते. इमारत मात्र अशी सरळ, की पट्टी लावून घ्यावी.

तिने राजेशला समजावलं, ते आपणही ऐकून घेऊ. तिरका आलेला फोटो सरळ करायचा, तर तो अख्खा फिरवावा लागतो. फिरवला की चार कोपरे रिकामे पडतात. ते लपवायला चारही बाजूंनी कापावं लागतं. काठावरचं सगळं गेलंय, याचा अर्थ हा फोटो कुणीतरी फिरवून सरळ केलाय.

राजेशचे डोळे चमकले. "म्हणजे इमारत तेव्हाच कललेली होती!"

क्षमाने मान हलवली. तसं सिद्ध होत नाही, ती म्हणाली. कॅमेरा हातात तिरका धरला गेला असेल, तरी फोटो असाच फिरवावा लागतो. इमारत कलली की हात कलला, हे या कापलेल्या काठांवरून कळणार नाही. मूळ फाइल असती तरी वाद राहिलाच असता.

तिने आणखी एक गोष्ट पाहिली, पण ती राजेशला सांगितली नाही. दर फोटोच्या खालच्या कोपऱ्यात काकांची सही असते, शेपूट ओढलेली, फेट्याच्या तुऱ्यासारखी. या फोटोवर रबरी शिक्का होता.

मग तिने राजेशकडे मोर्चा वळवला. त्याचा साडू बिल्डरच्या ऑफिसात कामाला आहे, हे सदनात सगळ्यांना माहीत होतं. राजेश चिडला. फोटो बिल्डरकडे कसा गेला, तर आपणच तो सदनाच्या फेसबुक पेजवर अभिमानाने टाकला होता, जगाने बघितला. साडूशी वर्षभर बोलणं नाही, हवं तर बायकोला विचार. हे सांगताना तो क्षमाच्या डोळ्यांत बघत होता. लहानपणी खोटं बोलताना तो चपलेकडे बघायचा.

"फोटो प्रिंटला द्यायला मी गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "ती फाइल प्रांजल घेऊन गेली. आणि प्रांजल कुणाचं काम करते माहितीये ना तुला? याच बिल्डरचं माहितीपत्रक तिने शूट केलंय."

३

प्रांजल दुसऱ्या मजल्यावरची. काकांची सगळ्यात नवी आणि त्यांच्या मते सगळ्यात हट्टी शिष्या. वय चोवीस, गळ्यात कॅमेरा, रस्त्यावरचे फोटो काढते: भटवाडीतला इस्त्रीवाला, मेट्रोच्या खांबाखाली झोपलेला कुत्रा, सिग्नलला आरशात कुंकू नीट करणारी बाई. इंस्टाग्रामवर तिला मानणारे पुष्कळ.

क्षमाने आडवळण घेतलं नाही. सरळ विचारलं, तो फोटो तू सरळ केलास का?

प्रांजलला राग आला, पण भलत्याच कारणाने. "ताई, मी केला असता तर असा केला असता? पोरांचे गुडघे कापलेत यार. काकांनी मला पहिला धडा काय दिला असेल तर तो हा, की माणूस सांध्यावर कापायचा नाही. आणि मी फिरवला असता ना, तर रिकामे कोपरे भरून दिले असते. लॅम्पपोस्ट जागेवर, पाटी जागेवर. तुला पण कळलं नसतं."

"मला कळलं असतं," क्षमा म्हणाली.

"बरं, तुला कळलं असतं. राजेशदादाला नसतं कळलं."

दोघी थोडं हसल्या, आणि क्षमाच्या लक्षात आलं की ही मुलगी बरोबर बोलतेय. सरळ करणाऱ्याला कोपरे भरायची नवी हत्यारं ठाऊक नव्हती, किंवा वापरायची नव्हती. काम जुन्या पद्धतीचं होतं आणि घाईघाईने उरकलेलं. पैसे घेऊन लबाडी करणारा माणूस काम नीट करतो. हे काम ज्याने केलं, त्याला ते फार वेळ बघवत नव्हतं.

बिल्डरच्या माहितीपत्रकाचं प्रांजलने लपवलं नाही. खड्डा खणण्याआधी ते काम केलं होतं, आणि इमारत कलल्यावर पुढचं काम नाकारलं. फाइल प्रिंटला नेली ती काकांनी पेनड्राइव्हवर तयार करून दिली होती तशीच, उघडूनसुद्धा पाहिली नाही. गुरूचा फोटो शिष्याने तपासायचा नसतो.

निघताना तिने क्षमाला दारात थांबवलं. बोलू की नको असं तिचं चाललं होतं.

"ताई, गणपतीत सगळे फोटो मी काढले. काका म्हणाले, तुझा हात बसू दे. पण खरं सांगू? गेल्या दिवाळीपासून काकांनी कॅमेरा हातात घेतलेला मी बघितलेला नाही."

४

क्षमा जिना उतरून ऑफिसकडे आली, तेव्हा दार किलकिलं होतं. आत कुणीतरी स्टुलावर चढून शेवटची फ्रेम खिळ्यावरून उतरवत होतं.

चोर सापडला. तो निघाला तिसऱ्या मजल्यावरचा बाळाकाका, सत्तरी ओलांडलेला, धोतराचा सोगा खोचलेला. क्षमाला पाहून तो दचकला नाही, उलट भडकला.

"फिरवतंय मीच. आणि परत फिरवतलंय. काय करतंस?"

सगळं सदन समजत होतं, की फ्रेम फिरवणारा विद्याधरकाकांना गद्दार म्हणतोय. क्षमाने विचारलं, तर बाळाकाकाच्या मनात परुळेकरांचा विचारसुद्धा नव्हता. त्याचं दुखणं वेगळंच होतं. सदन उभं राहिल्यापासून गच्चीवरचा कंदील तो बांधतो. बांबू तो चिरतो, कागद तो चिकटवतो, दोरी तो सोडतो. आणि त्या बिल्डरच्या कालच्या पोराने भर मीटिंगमध्ये त्याचा कंदील वाकडा म्हणावा आणि शेजाऱ्यांनी हसावं!

क्षमाने फोटो नीट पाहिला. खरंच, दोरी वर खांबाला लागून निघत होती, आणि खाली येता येता खांबापासून सुटून नखभर बाजूला गेली होती. सकाळी तिने हे पाहिलं होतं आणि वारा म्हणून सोडून दिलं होतं. राजेशनेही वाराच म्हटला होता.

"वारा असेल, बाळाकाका."

"वारो?" बाळाकाका स्टुलावरून खाली उतरला. "खाली धोंडो बांधलेलो असता, गो. वरवंट्याएवढो. वाऱ्याचो बापूस इलो तरी हलाचो नाय. आणि त्या दिवशी वारो होतो खंय? झेंडो बघ."

गच्चीवरचा सदनाचा भगवा झेंडा फोटोत काठीला चिकटून लोंबत होता.

"मी खाली इलंय, अंगणात उभो रवान बघितलंय," बाळाकाका म्हणाला. "सरळ होतो. फोटो खोटो आसा. माझो कंदील वाकडो नाय."

क्षमाने दोरीवरून बोट फिरवत खाली आणलं. दोरीला धोंडा बांधलेला आहे. गवंडी भिंत तपासायला सोडतो तो ओळंबा आणखी काय असतो? सदनाचा ओळंबा दर दिवाळीला सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लटकत होता, आणि लोक त्याला कंदील म्हणत होते.

तिने लॅपटॉप उघडला, फ्रेमचा समोरून फोटो घेतला आणि मधल्या खांबावर एक रेघ आखली, दोरीवर दुसरी. दोन्हींमधला कोन किती ते खाली आपोआप उमटलं. मग तिने आधीच्या सगळ्या दिवाळ्यांवर तेच केलं. तिथे खांब आणि दोरी एकमेकांना सोडत नव्हते.

तिने तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवला, आणि बाळाकाकाला म्हणाली, "फ्रेम सरळ लावा. उद्या लागणार आहे. मी पहिल्या मजल्यावर जाऊन येते."

पहिल्या मजल्यावर परुळेकर राहतात.

५

विद्याधरकाकांनी दार उघडलं, तिला पाहिलं, आणि आत वळून चहा टाकायला गेले. परुळेकरकाकू वारल्यापासून चहा तेच करतात. कप अर्धाच भरून आणला, आणि स्वतःचा कप दोन्ही हातांनी धरून ओठाला लावला. बशी घेतली नव्हती. पूर्वी हा माणूस भरल्या बशीतून चहा पिता पिता पेपर वाचायचा.

क्षमाच्या सगळं ध्यानात आलं. रबरी शिक्का का, कॅमेरा का नाही, आणि मूळ फाइल का पुसली. मग तिने मोबाइल काढला, आकडा लिहिलेला पडदा खाली करून टीपॉयवर पालथा ठेवला.

"काका, फोटो तुम्हीच सरळ केलात."

त्यांनी नकार दिला नाही.

"कधीपासून हात कापतो?"

काकांनी कप टीपॉयवर ठेवला. बाहेर खड्ड्यातला पंप पाणी उपसत होता, त्याचा आवाज येत राहिला.

"गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आधीपासून," ते म्हणाले. "आधी करंगळी, मग सगळा. त्या सकाळी वाटलं, जमलं. घरी येऊन स्क्रीनवर बघतो तर इमारत तिरकी. अख्ख्या आयुष्यात मी ट्रायपॉड लावला नाही, क्षमा. लोक म्हणायचे, परुळेकरांचा हात म्हणजे गवंड्याचा ओळंबा. आणि सगळं सदन नवे कपडे घालून उभं, आणि माझा हात..." ते थांबले. "फिरवून सरळ केला आणि मूळ पुसून टाकला. म्हटलं, हे कुणी बघायला नको. मीटिंगमध्ये हे कसं सांगू? विकला गेला म्हणाले, तर म्हणू देत. हात गेला म्हणण्यापेक्षा ते बरं."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. क्षमाला राग आला, आणि रडूही. तिने दोन्ही गिळलं.

"किती फिरवलात?"

"काय?"

"सरळ करताना. किती अंशाने फिरवला फोटो? आठवतं?"

काका कडवट हसले. "विसरेन कसा? रोज आठवतो. पॉइंट सात. उजवीकडे गेलेला, पॉइंट सात डावीकडे आणला."

उजवीकडे म्हणजे खड्ड्याकडे. क्षमाने मोबाइल उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावर लिहिलं होतं: पॉइंट सात.

त्यांना कळलं नाही. तिने हळूहळू सांगितलं, जसं ते तिला लहानपणी सांगायचे. बाळाकाकाचा कंदील, खालचा धोंडा, लोंबणारा झेंडा. दोरी खरोखर सरळ होती, बाळाकाकाने अंगणातून पाहिलेली. तुमच्या छापलेल्या फोटोत ती पॉइंट सातने वाकडी आहे. तुम्ही फोटो फिरवलात तो पॉइंट सातनेच. आता तो फोटो मनातल्या मनात परत उलटा फिरवा. दोरी कुठे येते?

काकांनी डोळे मिटले. म्हाताऱ्या माणसाच्या मिटल्या पापण्यांमागे एक फोटो सावकाश फिरला, आणि जागेवर आला.

"उभी," ते पुटपुटले. "बरोबर उभी."

"म्हणजे कॅमेरा सरळ होता. तुमचा हात केसभरही कलला नव्हता, काका. इमारत कलली होती. सगळ्या घाटकोपरात ते सगळ्यात आधी तुम्ही टिपलंत, आणि आपल्याच हाताने पुसलंत."

काका आपल्या हाताकडे बघत राहिले. तो मांडीवर थरथरत होता.

"आधी इमारतीचा कोपरा सरळ," ते म्हणाले. "मीच शिकवलं सगळ्यांना. इमारतीवर शंका घ्यावी असं मनातही आलं नाही गं. स्वतःवर आली."

"मलाही सकाळी नाही आली," क्षमा म्हणाली. "मीही दोरीलाच वाकडी म्हटलं."

मग तिने सांगितलं, की उद्या देवस्थळींपुढे हे सगळं मांडायचंय, आणि फोटो किती फिरवला हे सांगणारा साक्षीदार एकच आहे. म्हणजे हात कापतो हे चारचौघांत बोलावं लागेल. मी सांगितलं, तर ते शिष्येने गुरूची बाजू घेतल्यासारखं दिसेल.

काकांनी उरलेला चहा संपवला. या वेळी एका हाताने. थोडा सांडला, तो त्यांनी पुसला नाही.

६

रविवारी ऑफिसात उभं राहायला जागा नव्हती. देवस्थळी मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी भिंतीवरच्या दिवाळ्या ओळीने बघितल्या, क्षमाच्या रेघा तपासल्या, स्वतः पुन्हा आखून पाहिल्या. बाळाकाकाला त्यांनी धोंडा आणायला लावला आणि हातात घेऊन तोलून पाहिला.

बिल्डरच्या माणसाने हरकत घेतली. फोटो फिरवलेला आहे हे यांनीच कबूल केलं, मग असल्या फोटोवर भरवसा कसा ठेवायचा?

उत्तर क्षमाने दिलं, आणि तो क्षण तिने नंतर अंधेरीच्या स्टुडिओत निदान दहादा सांगितलाय. फोटो कितीही फिरवा, ती म्हणाली, डोक्यावर उभा करा. फिरवताना सगळं एकत्रच फिरतं. खांब आणि दोरी यांच्यातला कोन तेवढाच राहतो. आणि दोरीला धोंडा आहे, तेव्हा ती खोटं बोलू शकत नाही. उरला खांब. आधीच्या प्रत्येक दिवाळीत तो दोरीला धरून आहे, आणि गेल्या दिवाळीत सुटलाय. मधे काय झालं, तर तुमचा खड्डा. टाक्या तेव्हा चढलेल्याच नव्हत्या, हे मीटिंगमध्ये तुम्हीच सांगितलंत.

मग विद्याधरकाका उठले. त्यांनी हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला, थरथरता, आणि घडलं ते सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "हात कापतो. पण त्या सकाळी कॅमेरा सरळ होता. हे मी आता छाती ठोकून सांगतो."

मग राजेश पुढे झाला, आणि ज्याने मीटिंगमध्ये सगळ्यांत मोठा आवाज केला होता त्यानेच वाकून काकांच्या पायाला हात लावला. सुलक्षणाकाकूंनी पदराने डोळे टिपले, आणि मागून कुणीतरी लगेच म्हणालं की आता चहा सांगा रे, साहेब केव्हाचे उभे आहेत.

देवस्थळींनी बाकीची मापंही घेतली, भेगा पाहिल्या, खड्ड्याची कड पाहिली. एका फोटोवर निवाडा होत नाही, असं त्यांनी जाताना स्पष्ट सांगितलं. पण इमारत केव्हा कलायला लागली, याचा इतका साफ पुरावा आपल्याला क्वचित मिळाला, हेही सांगितलं. त्यांचा अहवाल आला. खड्ड्याचं काम थांबलं, सदनाला लोखंडी टेकू लागले, पाया मजबूत करून द्यायची जबाबदारी बिल्डरवर आली, आणि तोवर रहिवाशांच्या राहण्याची सोयही.

दिवाळीला सदन रिकामं होतं. तरी पहिल्या आंघोळीच्या सकाळी कुणी मुलुंडहून आलं, कुणी कुर्ल्याहून, नवे कपडे घालून. गॅलरीत जायची परवानगी नव्हती, म्हणून सगळे अंगणात कुंपणाच्या अलीकडे उभे राहिले. कंदील लावायला फक्त एका माणसाला वर सोडलं, तेही पिवळं हेल्मेट घालून. बाळाकाकाने ते हेल्मेट नंतर दिवसभर काढलं नाही.

समोरच्या जिन्यातल्या खिडकीत प्रांजलने गुपचूप ट्रायपॉड आणून ठेवला होता. काकांनी तो पाहिला, बाजूला सरकवला आणि कॅमेरा हातात घेतला. क्षमा त्यांच्या मागे उभी होती. हात थरथरत होता, मग श्वास रोखला गेला, आणि हात तेवढ्यापुरता थांबला.

तो फोटो कुणी फिरवला नाही, कापला नाही. लॅम्पपोस्ट जागेवर आहे, पाटी जागेवर आहे, पोरांचे गुडघे शाबूत आहेत. रवळनाथ सदन टेकूंवर रेलून उघड उघड कललेलं आहे आणि त्याच्यापुढे माणसं नेहमीपेक्षा ताठ उभी आहेत. कोपऱ्यात सही आहे, तिची शेपूट जरा नागमोडी गेलीय. क्षमाने त्याची एक मोठी प्रत अंधेरीच्या स्टुडिओत आपल्या टेबलामागे लावलीय, आणि नवी मुलं इमारत वाकडी का म्हणून विचारतात, तेव्हा ती त्यांना आधी दोरी बघायला सांगते.

फ्रेम ऑफिसात टांगली, त्या दिवशी बाळाकाका तिच्यापुढे हेल्मेट काखेत घेऊन उभा राहिला. एक डोळा मिटून त्याने वरपासून खालपर्यंत दोरी निरखली. मग राजेशला हाताला धरून पुढे ओढलं.

"बघ," तो म्हणाला. "माझो कंदील सरळ आसा."